दाराची काच, घरातली चार मते आणि नवरात्रातले तुळजापूर

प्रश्न : लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबाकडे पाच वर्षे वापरलेली, सात आसनी, डिझेलवर चालणारी मोठी एसयूव्ही आहे. गेल्या आठवड्यात धाकटे दीर अंगणाच्या कडेचे गवत ब्रश कटरने कापत असताना एक खडा उडाला आणि डावीकडच्या मागच्या दाराची काच क्षणात चुरा होऊन खाली आली. गाडीत कोणी नव्हते. आता घरात चार मते आहेत. दिरांचे म्हणणे असे की काच शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बसवावी आणि तिथे सांगितलेले ७,८०० रुपये ते स्वतः देतील. जाऊबाईंना हे मान्य नाही. यजमानांचे म्हणणे असे की विमा आहे तर क्लेम करावा. ‘झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारे जोड-संरक्षण) आहे, पूर्ण पैसे मिळतील, फक्त रस्त्यावर दगड लागला असे लिहा,’ असा एजंटचा सल्ला आहे. सासऱ्यांना भंगारातून त्याच मॉडेलची जुनी काच १,८०० रुपयांत मिळते आहे. गावातला खिडक्यांच्या आणि फोटोफ्रेमच्या काचांचा दुकानदार ९०० रुपयांत काच कापून द्यायला तयार आहे. लातूरला गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका कारागिराने नवी काच बसवून ४,६०० रुपये सांगितले आहेत, पण तिकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. बारा दिवसांनी, नवरात्रात, मुलाबाळांसह तुळजापूरला जायचे आहे. तोवर प्लास्टिकचा कागद लावून निभावेल का, आणि नवी काच थोडी काळी घेतली तर ऊन कमी लागेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

ताई, आपल्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती अशी की घरातल्या चार मतांपैकी एक बरोबर असणार आणि बाकीची तीन चूक. मला तसे वाटत नाही. आपले सासरे किंमत पाहत आहेत, यजमान हप्ता भरल्याचे सार्थक पाहत आहेत, दीर स्वतःच्या मनावरचे ओझे उतरवू पाहत आहेत आणि दुकानदार आपली घाई पाहतो आहे. प्रत्येकजण निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो आहे, म्हणून ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. काच कोणती घ्यावी हे आधी ठरवावे. पैसे कोणी द्यावेत हा विषय त्यानंतरचा आहे. दोन्ही एकत्र बोलले गेले की काचेची निवड माणसांच्या रुसव्याफुगव्यांवर होते.

सर्वांत आधी ९०० रुपयांचा पर्याय मनातून काढून टाकावा, कारण तिथे तडजोडीला जागाच नाही. काच म्हणजे काच, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे आणि गाडीच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. दाराची काच टफन्ड असते. दाराच्या मापाने कापून, कडा घासून, हवी तेवढी गोलाई देऊन झाल्यावर ती ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि थंड हवेच्या झोतांनी एकदम निववतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतला भाग मागाहून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती साध्या काचेपेक्षा पुष्कळ अधिक मार सोसते, आणि फुटलीच तर साबुदाण्याएवढ्या ते हरभऱ्याएवढ्या बोथट कणांत विखुरते. एकदा टफन्ड झालेली काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही आणि तिचा तडा भरून काढता येत नाही. पुढच्या काचेचा लहानसा टवका रेझिन भरून दुरुस्त करतात, तो प्रकार इथे लागू नाही, कारण पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते. तेव्हा जो दुकानदार हिरकणीने काच कापून देतो म्हणतो, तो टफन्ड काच देतच नाही. त्याची साधी काच आदळली तर सुरीसारख्या लांब पात्यांत फुटेल, आणि त्या खिडकीशी आपली मुले बसतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणेही गाडीच्या काचा सुरक्षा काचाच असाव्या लागतात.

याच गुणधर्मात आपल्या दिरांसाठीही थोडा दिलासा आहे. एवढासा खडा आणि अख्खी काच कशी गेली, असे पत्रात आश्चर्याने लिहिले आहे. ब्रश कटरच्या पात्यावरून सुटलेला टोकदार खडा अतिशय वेगात असतो आणि त्याचा सगळा जोर सुईच्या टोकाएवढ्या जागी पडतो. दाबाखालचा वरचा थर तेवढ्याच जागी भेदला गेला की आत साठलेला ताण एका क्षणात सगळी काच मोकळी करतो. हलगर्जी किती आणि यंत्राचा स्वभाव किती, याचा हिशेब करताना हे ध्यानात असावे. मात्र अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत माणसांपासून साधारण १५ मीटर अंतर राखावे असे लिहिलेले असते, आणि ते गाडीपेक्षा अंगणात खेळणाऱ्या मुलांसाठी जास्त महत्त्वाचे आहे. घरात या प्रसंगावरून बोलायचेच असेल तर त्या अंतराबद्दल बोलावे.

आता सासऱ्यांच्या मताकडे येतो. आपण ते ‘जुन्या वळणाचा चिक्कूपणा’ म्हणून बाजूला सारले आहे आणि तिथे माझा आपल्याशी मतभेद आहे. त्याच मॉडेलच्या गाडीतून निघालेली मूळ काच ही वाईट वस्तू नव्हे. टफन्ड काच पाच-सात वर्षांत ‘जुनी’ होऊन कमजोर पडत नाही. तिचा शत्रू म्हणजे कडेला बसलेला टवका आणि रबराच्या खाचेत अडकलेल्या वाळूने पडलेले उभे ओरखडे. काच उन्हात धरून चारही कडांवरून बोट फिरवावे, नखाला अडेल असा टवका लागला तर ती घेऊ नये, कारण टफन्ड काच कडेवरच सर्वांत हळवी असते. खाली पकडीसाठी असलेली भोके किंवा क्लिपा आपल्या दाराशी जुळतात का, तेही पाहावे. एकाच नावाच्या गाडीचे मधल्या वर्षी रूप पालटलेले असते आणि दार तेच दिसले तरी काच जुळेलच असे नाही. दुकानदाराने पावती दिली पाहिजे. पावती नाकारणाऱ्याकडचा माल कुठल्या गाडीचा आहे, हे आपल्याला कधीच कळणार नाही. एवढे सगळे जमले तर मामंजींची काच ९०० रुपयांच्या नव्या काचेपेक्षा कितीतरी सरस आहे. तरीही आपल्या बाबतीत मी तिची शिफारस करणार नाही, कारण मजुरी धरून ती तीन हजारांच्या आसपास जाईल आणि लातूरची नवी काच ४,६०० मध्ये मिळते आहे. दीड हजाराच्या फरकासाठी बारा दिवसांच्या मुदतीत भंगाराच्या दुकानाच्या खेपा घालाव्यात, असे मला वाटत नाही.

शोरूम की बाहेरचा कारागीर, या प्रश्नातही एक समज दडलेला आहे. गाडी बनवणारी कंपनी सहसा काच स्वतः बनवत नाही. आपल्या गाडीच्या शाबूत काचांच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक ठसा दिसेल. त्यात काच बनवणाऱ्याचे नाव, टफन्ड असल्याची खूण आणि भारतीय मानक आयएस २५५३ सह आयएसआय चिन्ह असते. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांवर एआयएस किंवा सेंट गोबेन सेक्युरिट ही नावे आढळतात. लातूरचा कारागीर अशाच ठशाची, आपल्याच मॉडेलची काच देणार असेल, तर काचेच्या दर्जासाठी ३,२०० रुपये जास्त मोजण्याचे कारण उरत नाही. फोनवर मोघम ‘कंपनीची आहे’ असे ऐकून न घेता ठशाचे छायाचित्र मागवावे. ठसा नसलेली काच कितीही स्वच्छ दिसली तरी परत करावी.

फरक पडतो तो बसवण्यात, आणि या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग घरच्यांपैकी कोणाच्याच बोलण्यात आलेला नाही. काच फुटते तेव्हा निम्मा चुरा सीटवर दिसतो आणि उरलेला दाराच्या पोटात जातो. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात. खिडकीच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचे थोडे पाणी दारात उतरणारच असते आणि ते या छिद्रांतून जाते. काचेच्या कणांनी ती बुजली की पाणी साचते आणि पत्रा आतून गंजू लागतो. काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेत, जिला आपल्याकडचे मिस्त्री नुसते मशीन म्हणतात, तिच्या तारेत किंवा रुळात एखादा कण अडकला तर नवी काच थोड्याच दिवसांत ओरखडते किंवा मशीन करकरू लागते. म्हणून दाराचे आतील आवरण, म्हणजे पॅड, काढून, दाराचे पोट व्हॅक्यूमने रिकामे करून, छिद्रांत तार घालून, बाजूच्या रबरी खाचा पुसून मगच काच बसवणारा कारागीर हवा. हे काम नीट केले तर दीड-दोन तास लागतात. ‘अर्ध्या तासात मोकळे करतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा.

दुसरी वस्तू म्हणजे पॅडच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा. तो दिसायला फडतूस असतो आणि घाईतला मिस्त्री तो टराटरा फाडून फेकून देतो. दारात उतरलेले पाणी केबिनमध्ये येऊ न देणे हे त्याचे काम असते. माझ्या स्वतःच्या गाडीत असा पडदा न लावता पॅड ठोकून दिले होते. दोन पावसाळे मी पायपोसाखालच्या ओलीचा दोष एसीला देत राहिलो आणि शेवटी खिडकीचे बटण गंजून बंद पडले तेव्हा कारण कळले. आपण कारागिराला कामाच्या आधीच सांगावे की पडदा जपून काढून, त्याच चिकट पट्टीवर किंवा नव्या पट्टीवर, चारही बाजूंनी परत दाबून लावायचा आहे. स्पीकर आणि बटणाच्या जोडण्या सोडवण्याआधी बॅटरीची ऋण तार काढायला सांगावी आणि काम चालू असताना चावी फिरवू देऊ नये, कारण काही गाड्यांत एअरबॅगचा संवेदक दारात बसवलेला असतो.

काम झाल्यावर तिथेच, पैसे देण्याआधी, काच पाच-सहा वेळा पूर्ण वरखाली करून पाहावी. ती तिरपी चढू नये, मध्येच मंदावू नये. काच बंद करून वर्तमानपत्राची पट्टी रबरात धरून ओढली तर ती सगळीकडे सारखी अडली पाहिजे. मग साध्या नळीने वरून दोन मिनिटे पाणी सोडून आत हात फिरवावा. रबर कोरडे वाटले तर सिलिकॉन स्प्रे चालतो. खाद्यतेल किंवा इंजिनचे ऑइल लावू देऊ नये, त्याने रबर फुगते आणि धूळ धरते. काच वर जाताना अडथळा आला तर आपोआप थांबण्याची सोय अनेक गाड्यांत फक्त चालकाच्या खिडकीला असते, तेव्हा मागच्या खिडक्यांचे कुलूपबटण लहान मुले असताना चालू ठेवणे बरे. हेच काम सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तम होईल अशी आपली खात्री असेल तर तिथे जाण्यात गैर काही नाही. फक्त तिथेही काय काय झाले हे विचारायला संकोचू नये. माझा कल मात्र लातूरच्या कारागिराकडे आहे, कारण तो समोर उभे राहून काम पाहू देतो आणि रोज काचाच बसवतो.

विम्याच्या बाबतीत यजमानांचा मुद्दा वरवर रास्त आहे, पण आपण पाठवलेल्या पॉलिसीच्या प्रतीवरून हिशेब मांडला तर तो उलटतो. आपली गाडी १,५०० सीसीच्या वरची आहे, म्हणून प्रत्येक क्लेममध्ये २,००० रुपये आपल्याला सक्तीने सोसावे लागतात. ७,८०० च्या बिलातून हाती ५,८०० येतील. झिरो डेपचा इथे विशेष संबंधच नाही. काचेच्या भागांवर घसारा मुळात शून्यच धरतात, झिरो डेप कामी येते ते रबर, प्लास्टिक यांसारख्या भागांना. आता दुसरी बाजू पाहा. आपल्या ओन डॅमेज हप्त्याची, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्याची, सवलतीपूर्वीची रक्कम १६,००० रुपये आहे आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल या हप्त्यात मिळणारी सूट, सध्या ३५ टक्के. क्लेम न केल्यास पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के होईल, म्हणजे ७,२०० रुपये वाचतील. क्लेम केल्यास तो शून्यावर येईल. पहिल्याच वर्षी ५,८०० मिळवून ७,२०० गमावले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्केच मिळेल, तिथे आणखी ४,८०० गेले, आणि पुढेही काही वर्षे फरक राहीलच. गाडीचे विमामूल्य दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी भरतील, पण पारडे फिरणार नाही. बोनस सुरक्षित ठेवणारे जोड-संरक्षण घेतलेले असेल तर गणित वेगळे होते. आपल्या प्रतीत ते मला दिसले नाही.

एजंटने सुचवलेले वाक्य तर अजिबात लिहू नये. अपघाताने बाहेरून झालेले नुकसान पॉलिसीत येते आणि ब्रश कटरने उडालेला खडा हा तसाच अपघात आहे. जिथे खऱ्यानेही काम होते तिथे खोटे सांगून क्लेम फेटाळण्याचे कारण कंपनीच्या हाती कशाला द्यायचे? ज्या वाचकांचे नुकसान मोठे आहे आणि ज्यांना क्लेम करायचाच आहे, त्यांनी दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहिल्याशिवाय काच बसवू नये. चोरीसाठी काच फोडली गेली असेल तर काहीही न हलवता छायाचित्रे काढून आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी. आणि फुटलेली काच दाराची नसून तिसऱ्या रांगेशेजारची न उघडणारी असेल, तर ती बहुधा चिकटवलेली असते. तो चिकटपदार्थ घट्ट होईपर्यंत कारागीर सांगेल तेवढे तास गाडी हलवू नये.

काळ्या काचेबद्दल थोडक्यात सांगतो. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, असे नियम १०० सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. कंपनीच्या काचेला जी फिकट हिरवट झाक असते तीच मागावी. एका दाराची काच इतरांपेक्षा गडद घेतली तर ऊन काही कमी होणार नाही, नाक्यावर गाडी मात्र नेमाने थांबवली जाईल.

प्लास्टिकच्या कागदाने बारा दिवस काढू नयेत. गावात दोन-चार दिवस चालेल, तेही कागद दाराच्या चौकटीच्या आतून वर घेऊन, आणि चिकटपट्टी रंगावर थेट न लावता. ऊन खाल्लेली तपकिरी पट्टी रंगावर असा डिंक सोडते की तो काढताना रंगच उतरतो. भरधाव गाडीत तो कागद फडफडून फाटतो, आणि मागच्या दारावर असला तरी चालकाला डावीकडचे नीट दिसत नाही. औसा ते तुळजापूर हा रस्ता नवरात्रात पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, तेव्हा ते डावीकडचे दिसणे फार मोलाचे आहे. आज फोन करून काच मागवली तर चार-पाच दिवसांत काम उरकेल.

तोवर एवढे करावे. त्या खिडकीचे बटण कोणीही दाबू नये. चुरा अजून दारात आहे आणि मशीन त्यावर फिरली तर काचेच्या खर्चात मशीनचा खर्च वाढेल. दार हळू लावावे. सीट ओली झाली असेल तर पंख्याखाली वाळवावी. सीटच्या शिवणीत आणि तिसऱ्या रांगेच्या बिजागरीत बसलेले कण झाडूने निघत नाहीत. व्हॅक्यूमनंतर मळलेल्या कणकेचा गोळा दाबून फिरवला तर बारीक कणही उचलले जातात. हातमोजे घालावेत आणि गोळा लगेच टाकून द्यावा, गुरांपुढे जाऊ देऊ नये.

पैशांचे म्हणाल तर दिरांना अडवू नये आणि सगळा भारही घेऊ देऊ नये. रक्कम आता ७,८०० नसून ४,६०० आहे, हे जाऊबाईंना आपणच सांगावे, म्हणजे निम्मा ताण तिथेच उतरेल. गाडी सगळ्यांची आहे, गवतही सगळ्यांच्याच अंगणातले होते. ते स्वतःहून देऊ म्हणत आहेत तर निम्मे त्यांच्याकडून घ्यावेत आणि निम्मे घरखर्चातून द्यावेत, असे मला योग्य वाटते. काच बसवताना लातूरला त्यांनाच पाठवावे. ठसा, पडदा, छिद्रे आणि पाण्याची परीक्षा ही सगळी यादी त्यांच्याकडे द्यावी.

आणि गाडीतून निघालेला चुरा उकिरड्यावर टाकू नये, कारण तेच खत उन्हाळ्यात शेतात पसरले जाते आणि तिथे माणसे अनवाणी चालतात. जाड पोत्यात घालून, तोंड शिवून, तो घंटागाडीवाल्याला ‘काच आहे’ असे सांगून वेगळा द्यावा.